लाळ-खुरकूत: गोठ्यातून प्रयोगशाळेत आणि परत गोठ्यात

(शाळेच्या माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात, गुहागर येथे केलेलं भाषण. बोलताना जे जास्तीचं झालं ते थोडं कापलं आहे.)



मघाशी माझी ओळख ‘शास्त्रज्ञ’ अशी करून दिली, तेव्हा मागच्या रांगेतून आवाज आला, “अरे, गुरांचा डॉक्टर तो!” दोन्ही खरं आहे. आवाज कोणाचा तेही ओळखलं. ते बाक पन्नास वर्षांत बदललेलं नाही.

आयोजकांनी सांगितलं, तुझ्या कामाबद्दल वीस मिनिटं बोल, पण समजेल असं बोल. माझं सगळं आयुष्य एका रोगात गेलं. त्याला पुस्तकात लाळ-खुरकूत म्हणतात, आपल्याकडे नुसतं खुरकूत. तुमच्यापैकी निम्म्यांनी तो गोठ्यात पाहिलेला आहे, त्यामुळे लक्षणं सांगत बसत नाही. पण जे मुंबईत वाढले त्यांच्यासाठी माझ्या वाडीतलं एक वर्ष सांगतो.

१९७४ चा जून. आपण सातवीत नुकते बसलो होतो. मृगाचा पाऊस झाला, राब भाजून झालेले, पेरणी उरकलेली, रोपं वर आलेली. आता चिखळणी आणि लावणी. नेमक्या त्या आठवड्यात आमच्या शेजारच्या काकींचा हरण्या बैल गवाणीपाशी नुसता उभा राहिला. तोंडातून लाळेच्या तारा जमिनीपर्यंत. मधूनच जीभ टाळूला लावून चुटूक-चुटूक आवाज करायचा. तो आवाज ज्याने ऐकलाय तो विसरत नाही. दुसऱ्या दिवशी जोडीचा तांब्या. चार दिवसांत वाडीतली झाडून सगळी गुरं. खुरांच्या बेचक्यात फोड, ते फुटले की जखम, जखमेत चिखल, मग अळ्या.

वडील गुरांना घेऊन वेळेवर जायचे. खारं पाणी लागलं की खुरं धुऊन निघतात आणि गरम पुळणीत पाय शेकतात, हा जुना उपाय. घरी आलं की करंजेल. जिभेला हळद आणि तूप. हे उपाय निरुपयोगी होते असं मी आज शास्त्रज्ञ म्हणूनही म्हणणार नाही. जखम स्वच्छ राहत होती, अळ्या मरत होत्या. रोग मात्र त्याच्या वेळेनेच जायचा.

मोठं गुरू या रोगाने सहसा मरत नाही. म्हणूनच लोक म्हणायचे, “खुरकूत काय, येतं नि जातं.” पण काकींच्या घरी पुरुषमाणूस नव्हता. जोत होतं म्हणून शेत होतं. सगळ्या वाडीचे बैल एकदम बसले, तेव्हा मागायची तरी कोणाची जोडी? रोपं तरव्यात उंच होत गेली, पिवळी पडली. लावणी झाली ती तीन आठवडे उशिरा, आणि कुदळीने उकरलेल्या निम्म्या शेतात. त्या वर्षी काकींनी भात विकत घेतलं. गुराचा रोग माणसाच्या ताटात कसा येतो, हे मी तेव्हा पाहिलं.

आणि एक वासरू. काकींच्या गाईचं, वीसेक दिवसांचं. त्याच्या तोंडात फोड नव्हते, पायात नव्हते. आईला लुचता लुचता खाली बसलं आणि गेलं. काकी म्हणाल्या, नजर लागली. त्याचं कारण मला दहा वर्षांनी परळला शवविच्छेदनाच्या टेबलावर दिसलं. लहान वासरात हा विषाणू हृदयाच्या स्नायूवर जातो. हृदयावर करड्या-पिवळ्या पट्ट्या उठतात, वाघाच्या अंगावर असतात तशा. पुस्तकात त्याला ‘वाघ-हृदय’ असंच नाव आहे.

विज्ञानाच्या तासाला मी सरांना विचारलं होतं, खुरकूत कशाने होतं? सर म्हणाले, “मला नक्की माहीत नाही, शोधून सांगतो.” पंधरा दिवसांनी खरोखरच चिपळूणहून वाचून आले आणि तासाची दहा मिनिटं त्यावर बोलले. सर आज पहिल्या रांगेत बसलेत. सर, तुम्ही तेव्हा सांगितलेली एकच गोष्ट मला लक्षात राहिली होती: हे जंतू इतके बारीक की जी गाळणी बाकी सगळे जंतू अडवते, तिच्यातून हे पार होतात.

तो प्रयोग जर्मनीतल्या लोफ्लर आणि फ्रॉश यांचा, १८९७-९८ सालचा. आजारी गुरांच्या फोडातला द्रव त्यांनी जंतू अडवणाऱ्या गाळणीतून गाळला आणि तो गाळीव द्रव निरोगी वासरांना टोचला. वासरं आजारी पडली. प्राण्यांना रोग करणारा विषाणू माणसाला पहिल्यांदा सापडला तो हा. देवी नव्हे, गोवर नव्हे, आपलं खुरकूत! लोफ्लर हे रॉबर्ट कॉख यांच्या हाताखाली तयार झालेले. आणि त्याच १८९७ साली कॉख स्वतः कुठे होते? हिमालयात, मुक्तेश्वरला, बुळकांडीच्या कामासाठी. मुक्तेश्वरची ती प्रयोगशाळा मुळात सुरू झाली होती पुण्यात, १८८९ मध्ये. चार वर्षांनी थंड हवेसाठी आणि वस्तीपासून लांब म्हणून ती डोंगरावर नेली. मी एम.व्ही.एस्सी.ला तिकडे गेलो तेव्हा मला हा पुण्याचा धागा कळला आणि उगाचच घरचं वाटायला लागलं. (परळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ चं, मुंबईच्या मध्यात; पण आमच्या काळी ते दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाखाली होतं. म्हणजे शिकलो मुंबईत, पदवी दापोलीची. वडील सगळ्यांना सांगायचे, मुलगा दापोलीलाच शिकला.)

आता थोडं विज्ञान. झोपू नका, जेवणाला अजून अवकाश आहे.

पहिली अडचण अशी की खुरकूत हा एक विषाणू नाही. १९२२ मध्ये फ्रान्समध्ये व्हाले आणि कारे यांना दिसलं की एकदा रोग होऊन बरी झालेली गाय पुन्हा आजारी पडते, कारण दुसऱ्यांदा आलेला विषाणू वेगळ्या प्रकारचा असतो. एकाचा नमुना फ्रान्सच्या वाझ जिल्ह्यातला, म्हणून तो ‘ओ’. दुसरा जर्मनीकडून आलेला. फ्रेंचमध्ये जर्मनीला आलमान्य म्हणतात, म्हणून तो ‘ए’. पुढे जर्मनांनी ‘सी’ शोधला. तीन आफ्रिकेतले आणि एक आशियातला, ‘एशिया-१’. एकूण सात. दिसायला रोग सारखाच. पण ‘ओ’ची लस ‘ए’ला चालत नाही. आपल्या देशात आज तीन प्रकार आहेत: ओ, ए आणि एशिया-१. ‘सी’ भारतात १९९५ नंतर आढळलेला नाही आणि जगातही २००४ नंतर नाही, म्हणून आजच्या लशीत तो नसतो.

दुसरी अडचण त्याहून चिवट. या विषाणूचा सगळा संसार आठ हजारांवर अक्षरांच्या एका आरएनएच्या चिठ्ठीत मावतो. पेशीत शिरला की तो या चिठ्ठीच्या नकला काढत सुटतो. आपण फळ्यावरून उतरवून घ्यायचो, मग बाई वह्या तपासायच्या. हा पठ्ठ्या वह्या तपासायला बाईच ठेवत नाही. प्रत्येक नकलेत एखादी चूक. बहुतेक चुका वाया जातात, पण एखाद्या चुकीने त्याचा चेहरा असा बदलतो की गाईच्या रक्तातले पहारेकरी त्याला ओळखत नाहीत. म्हणजे ‘ओ’मध्येही घराणी आणि त्या घराण्यांत नवनवे वाण. लशीतला वाण आणि गोठ्यात फिरणारा वाण यांची ओळख जुळते का, हे सतत तपासत राहणं, हे माझं काम होतं. लस दिलेल्या जनावराचं रक्त घ्यायचं, त्यातला द्रव नव्या विषाणूवर टाकायचा, जुन्यावर जेवढा चालतो त्याच्या किती अंशाने नव्यावर चालतो ते मोजायचं. साधारण तीन दशांशाच्या खाली आकडा गेला की धोक्याची घंटा.

भारतात ‘ए’ प्रकाराच्या बाबतीत ती घंटा वाजली. लशीत वाण होता १९८२ सालचा. २००० नंतर जे ‘ए’ विषाणू सापडू लागले, त्यांतल्या एका गटाच्या कवचातलं एक अमिनो आम्ल चक्क गळालेलं होतं. जुन्या लशीचा द्रव त्यांना नीट धरेना. बरीच तुलना, बरीच वादावादी झाली आणि २००९ मध्ये लशीतला ‘ए’ बदलून २००० सालचा वाण घेतला गेला. याच्या उलट ‘ओ’ प्रकाराचा वाण १९७५ चा, म्हणजे आपण सातवी-आठवीत असतानाचा, आणि तो पुढे अनेक वर्षं चांगला जुळत राहिला. आपल्या वर्गातही असे दोन-चार आहेत, पंचाहत्तर साली होते तसेच.

लशीचा विषाणू बनवायचा म्हणजे आधी वाढवायचा. दुसऱ्या महायुद्धानंतर हॉलंडमध्ये फ्रेंकेल यांनी कत्तलखान्यातल्या गुरांच्या जिभेच्या सालीवर तो वाढवला. पुढे १९६२ पासून हॅम्स्टर नावाच्या उंदरासारख्या प्राण्याच्या मूत्रपिंडाच्या पेशी आल्या. आजही त्यांचीच पिढ्यान्पिढ्यांची संतती हजारो लिटरच्या स्टीलच्या टाक्यांत वाढवतात. त्यात विषाणू सोडायचा, एका दिवसात तो पेशी फोडून बाहेर पडतो. मग रसायनाने त्याला मारायचं, गाळायचं, तेलात घोटायचं. लशीतला विषाणू मेलेला असतो, हे मी गावोगाव सांगत आलो, कारण “लस टोचली म्हणून रोग झाला” हे वाक्य मी हजारदा ऐकलंय. टोचल्यावर दोन-तीन दिवस दूध थोडं कमी होतं, सूज येते, हे खरं. गाभण गाय टाकते ती बहुतेक वेळा धरपकडीने. तिला शांतपणे बांधून टोचलं तर नाही.

पण मेलेला विषाणूसुद्धा अखंड असावा लागतो. त्याचं कवच साठ तुकड्यांचं बांधलेलं असतं. ते बांधलेलं आहे तोवर गाईचं शरीर त्याला ओळखायला शिकतं. उष्णता लागली की कवचाचे तुकडे होतात, आणि मग बाटलीत जे उरतं त्याला लस म्हणायचं कशाला? ‘ओ’ प्रकार यात फार नाजूक. म्हणून दोन ते आठ अंश. गोठवूनही चालत नाही.

हे सगळं मला १९८६ च्या मे महिन्यात पाठ होतं. परीक्षेत लिहिलं होतं. नव्यानेच डॉक्टर झालो होतो, पुण्याहून स्वतःच्या पैशाने लशीच्या बाटल्या घेतल्या, थर्मासमध्ये बर्फ भरला आणि एस.टी.त बसलो. डोक्यात एकच, काकींची गुरं. कुंभार्ली घाटात गाडी बंद पडली. दुसरी गाडी यायला चार तास लागले. चिपळूण स्टँडवर थर्मास उघडला तर आत पाणी, आणि ते पाणीही कोमट. चिपळुणात बर्फ मिळाला असता. पण गुहागरची गाडी लागलेली होती, ती सुटली असती तर रात्र स्टँडवर. मी गाडी पकडली. रात्री बाटल्या पडवीतल्या मडक्यात ठेवल्या, आणि सकाळी साऱ्या वाडीची गुरं टोचली. लोकांनी कौतुक केलं. काकींनी नारळ दिला. वर महिन्याने दुसरी मात्रा द्यायला हवी होती, तीही दिली नाही. मला रजा नव्हती.

गणपती झाल्यावर खुरकूत आलं. सगळ्यांच्या गोठ्यात आलं. काकींची गाभण गाय पडली ती उठली नाही.

दिवाळीला घरी आलो तेव्हा काकींनी मला घरात घेतलं, चहा दिला, काही बोलल्या नाहीत. फक्त निघताना म्हणाल्या, “परत सुई आणू नको बाबा.” आणि त्या वारल्या तोवर, २०११ पर्यंत, त्यांच्या दावणीला कोणाची सुई लागली नाही. सरकारी डॉक्टर यायचे, समजवायचे आणि परत जायचे. वाडीतल्या आणखी चार घरांनी तेच केलं. माझी लस खराब झाली होती की वाडीत आलेला वाणच लशीशी जुळणारा नव्हता की एकाच मात्रेने भागलं नाही, हे मला आजही सांगता येत नाही. कारण तेव्हा कोणीच नमुना घेतला नाही. मी असतो तरी घेतला असता का, कोण जाणे. फुटलेल्या फोडाची नखाएवढी साल, ग्लिसरीनच्या बाटलीत, एवढंच हवं होतं. मी पुढची तीस वर्षं देशभरातून आलेल्या तशा हजारो बाटल्या उघडल्या. आमच्या वाडीची त्यात कधी नव्हती.

या विषाणूला हद्दी नसतात. १९८१ मध्ये तो फ्रान्सच्या किनाऱ्यावरून वाऱ्याबरोबर अडीचशे किलोमीटर समुद्र ओलांडून इंग्लंडच्या आइल ऑफ वाइट बेटावर गेला असं मानतात. दमट हवा त्याला मानवते. गुहागरकरांना त्याबद्दल अधिक सांगायला नको. पण बहुतेक वेळा तो वाऱ्याने नाही, बाजारातून आणलेल्या गुराबरोबर, टेम्पोच्या फळीवर, माणसाच्या चपलेवर येतो. २००१ मध्ये ब्रिटनमध्ये जी साथ आली तिच्यात साठ लाखांवर जनावरं मारावी लागली. ‘ओ’ प्रकाराच्या ज्या घराण्याने ती केली, ते पहिल्यांदा नोंदलं गेलं १९९० मध्ये, भारतात. आपल्याकडे तेच घराणं गोठ्यागोठ्यात फिरत होतं आणि आपण म्हणत होतो, येतं नि जातं.

सरकारने २००३-०४ मध्ये देशातल्या ५४ जिल्ह्यांत नियमित लसीकरण सुरू केलं, हळूहळू जिल्हे वाढवले. २०१९ मध्ये सगळ्या देशासाठी मोठा कार्यक्रम जाहीर झाला, १३,३४३ कोटींचा: वर्षातून दोनदा लस आणि कानात बारा आकडी बिल्ला. २०३० पर्यंत रोग हटवायचा असं उद्दिष्ट आहे. होईल का? मला विचाराल तर तारखेबद्दल मी साशंक आहे. बुळकांडी गेली, २०११ मध्ये जगातून गेली, पण बुळकांडीची एक टोचणी वर्षानुवर्षं पुरायची आणि विषाणूचा प्रकार एकच होता. इथे संरक्षण जेमतेम सहा महिने, प्रकार तीन, आणि बरी झालेली गाय घशात विषाणू बाळगून वर्ष-दोन वर्षं फिरू शकते. शंभरातली ऐंशी गुरं खरोखर संरक्षित झाली तर साथ अडते. कागदावरची ऐंशी नव्हे.

आणि कोकणात ऐंशी गाठणं अवघड. भात कापून झालं की आपण गुरं सोडून देतो. लस देणारा येतो तेव्हा ती असतात सड्यावर. पॉवर टिलर आल्यापासून बैल गेले, घरं बंद पडली, आणि मुंबईला जाताना सोडलेली गुरं शृंगारतळीच्या रस्त्यावर बसलेली तुम्ही आज येताना पाहिली असतील. त्यांना बिल्ला कोण लावणार? लम्पी आला तेव्हा २०२२ मध्ये लोक स्वतः गुरं घेऊन दवाखान्यात आले, कारण डोळ्यांदेखत मरत होती. खुरकूत मारत नाही, म्हणून त्याची भीती नाही. हीच त्याची चलाखी आहे.

ज्यांच्या घरी अजून गुरं आहेत त्यांना दोनच विनंत्या. वासरू चार महिन्यांचं झालं की पहिली टोचणी, महिन्याने दुसरी, मग दर सहा महिन्यांनी. मी १९८६ मध्ये जी विसरलो ती दुसरी विसरू नका. आणि रोग दिसलाच तर तोंड पोटॅशने धुवायच्या आधी डॉक्टरांना बोलवा, सालीचा नमुना घ्यायला सांगा. तो औंधच्या रोग अन्वेषण विभागात जातो, तिथून प्रकार कळतो. मग गोठा धुण्याच्या सोड्याने धुवा. शंभर लिटर पाण्याला चार किलो. महाग औषध लागत नाही, या विषाणूला ना आम्ल सोसत ना अल्कली.

शेवटचं सांगतो आणि बसतो. काकींचा नातू २०२० मध्ये मुंबईतली नोकरी गेल्यावर गावी आला, तो राहिलाच. त्याच्याकडे आता पाच गाई आहेत, आपल्या लहान चणीच्या, ज्यांना आता कोकण कपिला म्हणून रीतसर जातीचं नाव मिळालं आहे. परवा मेळाव्यासाठी आलो तर त्याच्याकडे लसीकरण होतं. मी निवृत्त माणूस, मी बांधावर उभा. लस देणारा मुलगा आला, खोका खाली ठेवला. नातवाने आजीची गोष्ट ऐकलेली असणार, कारण तो म्हणाला, “आधी उघडून दाखवा.” मुलाने झाकण काढलं. नातवाने आत हात घातला, बर्फाची लादी चाचपली, बाटली गालाला लावून पाहिली.

मग माझ्याकडे वळून म्हणाला, “काका, तिकडे काय उभे राहिलात? कपिलीची शिंगं धरा. ती उधळते.”